सगळे आमेन म्हणाले

बुधवारी दिवस मावळेपर्यंत लेतांगी पाण्याखेरीज तोंडात काही घालत नसे, आणि भावानं डोंगरावरच्या मेहुण्याला जेवायला बोलावलं ते नेमकं बुधवारीच. काल्तापाउचं असंच. गावचा नावोता, म्हणजे मुखिया, झाल्यापासून साऱ्या गावाची काळजी त्याच्या डोक्यावर. त्यात बहिणीचा उपास कुठं लक्षात राहायचा? भरती-ओहोटी तेवढी त्याला चुकत नसे.

चुलीच्या खोपटात बसून लेतांगी पानांत गुंडाळून भाजायच्या लापलापसाठी कोनफळं किसत राहिली. पांढरा चीक मनगटावरून ओघळत होता.

"वन्सं, जरा हळू," केळीची पानं जाळावर धरत लेकोरो म्हणाली. "कोनफळ किसताय की नवऱ्याचं डोकं?"

"त्याचं डोकं देवानं कधीच ताब्यात घेतलं, वहिनी. तुमच्या नवऱ्याचं आहे अजून शिल्लक. ते किसा."

लेकोरो फसकन हसली. मग हसू ओठातच ठेवून तिनं डोंगराच्या वाटेकडे पाहिलं. आज येणारा तारीवेर तिचा सख्खा भाऊ. डोंगरावरच्या माराऊ गावचा नावोता. "भाऊ आला की मी पाहुणी आणि भाऊ गेला की घरधनीण," ती म्हणाली. "आज दोघं समोरासमोर बसणार. मी कुठल्या चटईवर बसू, ते कोणी सांगितलं नाही."

गेली दोन वर्षं या घरात असंच चाललं होतं. हसणं सुरू व्हायचं, थोडं चालायचं, आणि मग कोणीतरी समुद्राकडे पाहायचं.

काल्तापाउचा बेत सगळ्यांना ठाऊक होता. विहीर खारट झाली होती, किनाऱ्याकडची घरं दर मोठ्या भरतीला भिजत होती. म्हणून तो मेहुण्याकडे उतारावरची थोडी जागा मागणार होता, पण नुसती पाहुणा म्हणून. झोपायला वर, आणि गाव, चर्च, मासेमारीचा प्रवाळखडक सगळं खाली, आपलं ते आपलंच. या बेटावर वाडवडलांपासून एक रीत आहे: ज्यांची माणसं किनाऱ्यात पुरलेली, प्रवाळ त्यांचा. जिवंत माणूस चार दिवस वर राहून आला तरी हरकत नाही. मेलेले जागेवर हवेत. आणि आपणहून "आम्हाला इथं राहता येत नाही" असं कोणी गावाच्या वतीनं बोललं, तर ती जागा सोडलीच म्हणून समजतात.

मेलेले जागेवर नव्हते. मागच्या मोठ्या वादळात किनाऱ्याचं कबरस्तान ओळीनं कोसळलं. लेतांगीच्या तापानं गेलेल्या मुलीचं, लेमासीचं थडगं सगळ्यांत पुढं होतं, ते पहिलं गेलं. ओहोटीला वाळूत जे सापडलं ते लेतांगीनं आपल्या हातांनी चटईत वेचलं. किनाऱ्यापासून आत, चर्चच्या मागं सगळ्यांना पुन्हा पुरलं, पण घंटा वाजवली नाही; वाजवली असती तर डोंगरावर ऐकू गेली असती. काल्तापाउनं जुन्या जागेवर थडग्यांसारखी दगडांची ओळ रचून घेतली. डोंगरावरून कोणी विचारलं की गावातला प्रत्येक जण सांगे, थडगी आहेत, जरा भिजली एवढंच. लेतांगीही तेच सांगे. मात्र रोज पहाटे ती एकटी चर्चच्या मागं जाई आणि देवाजवळ खरं बोले. दिवसभर खोटं सांभाळायचं तर पहाटे कुठंतरी खरं टाकून यावं लागतं.

सकाळच्या नावेनं लेसिनू आली. काल्तापाउची थोरली. राजधानीला, पोर्ट व्हिलाला, कायदा शिकली आणि तिथंच काम करते. पाण्यात उतरून, चपला हातात घेऊन ती थेट चुलीपाशी आली आणि आत्याच्या चिकट हातांची पर्वा न करता तिला बिलगली.

"आत्या, संध्याकाळची नाव मला गाठायलाच हवी. तुझी साक्ष घेऊन गेले तर उद्या आमच्या कचेरीतले लोक ती कागदात घालतील. नंतर हेगच्या जागतिक न्यायालयाची मुदत संपते."

"आधी खा तरी," लेकोरो म्हणाली. "हेग काय पळून जातंय? आपलं गावच तेवढं पळतंय."

बाहेर डुकराला दोर बांधणाऱ्या काल्तापाउनं ते ऐकलं. हात झटकत तो दाराशी आला. बहीण आत आहे म्हणून रीतीप्रमाणे उंबऱ्याबाहेरच बसला, अंगणाकडे तोंड करून.

"मुली, एक सांग. त्या न्यायाधीशांनी म्हटलं की धूर सोडणाऱ्या देशांचं चुकलं. मग समुद्र मागं सरेल?"

"नाही, बाबा."

"कोणी तुरुंगात जाईल?"

"नाही. ते हुकूम देणार नाहीत. मत देणार."

"मत!" काल्तापाउनं डुकराकडे बोट दाखवलं. "मत तर हाही देतो. रोज पहाटे, अख्ख्या गावाला उठवून."

लेकोरो हसली. लेसिनू नाही हसली. "हसा. पण आजवर ते मोठे देश म्हणत आले, आम्ही करतो ती दया. वाटलं तर करू, नाहीतर नाही. एकदा जगाच्या न्यायालयानं म्हटलं की ही दया नव्हे, हे बंधन आहे, की मग कुठल्याही देशात, कुठल्याही कोर्टात कोणी उभा राहून सांगू शकेल, तुम्ही माझा हक्क मोडलात. जगण्याचा हक्क, घराचा हक्क, आपल्या माणसांना आपल्या रीतीनं पुरण्याचा हक्क. आपल्यासारख्या चिमूटभर देशानं हा प्रश्न साऱ्या जगाला विचारायला लावलाय, बाबा. डुकरानं नाही."

"मग सांगू की. समुद्र चढला, वादळ आलं, विहीर बिघडली. मी नको म्हटलंय का?"

"तेवढ्यानं भागत नाही. समोर त्यांचे वकील असतात. ते म्हणतात, वादळं पूर्वीही यायची. लोक राहताहेत ना अजून? मग हक्क कुठला मोडला?" लेसिनूचा आवाज खाली आला. "ज्यांचं गेलं त्यांनी आपल्या तोंडानं म्हणायला हवं. की आमची थडगी गेली. की इथं आता राहता येत नाही."

अंगणात डुक्कर दोराला हिसके देत होतं.

"ते वाक्य या गावात कोणी म्हणणार नाही," काल्तापाउ म्हणाला. "तुझ्या कोर्टासाठी म्हटलं, तरी ते वारा वर नेईल. आज मी तुझ्या मामासमोर हात पसरणार आहे. हात पसरताना मुठीत काहीतरी असावं लागतं. माझ्या मुठीत प्रवाळ आहे, दुसरं काही नाही."

"पण बाबा, खोटं—"

"तू नको बोलू त्यावर. तुझं देवक आईचं, म्हणजे मामाचं. तुला प्रवाळ गेला काय, राहिला काय."

लेसिनूच्या चेहऱ्यावर कोणी पाणी मारावं तसं झालं. या बेटावर देवक आईकडून येतं, हे काही कोणाला नवीन नव्हतं. पण बापानं ते मुलीच्या तोंडावर असं मारायचं नसतं. लेकोरोनं हातातलं पान खाली ठेवलं. तिचंही देवक तेच होतं.

लेतांगीनं किसणं थांबवलं नाही. बाहेरचा भाऊ आणि आतली भाची, दोघंही खरं बोलत होती. तिला वाटलं, खोटं बोलणाऱ्यांचं भांडण मिटवता येतं. खरं बोलणाऱ्यांचं कसं मिटवायचं?

*

तारीवेर आला तो ऊन डोक्यावर आल्यावर. मोठ्या पोटाचा, धापा टाकणारा, मागे दोन पुतणे आणि खांद्यावर बैठकीत प्यायच्या कावाच्या मुळ्यांचा भारा.

"दाजी, तुमच्या गावाला यायचं म्हणजे उतरताना गुडघे जातात आणि चढताना जीव," तो म्हणाला.

"तरी जेवायचं म्हटलं की येता, मेहुणे."

"बहीण दिलीय. तिच्या हातचं खायलाही येऊ नको म्हणता?"

सगळे हसत फारेयात शिरले. फारेया म्हणजे गावाचं बैठकीचं घर. लांब, खालपर्यंत उतरलेलं छप्पर, मधोमध जुना काळा खांब. एरवी त्या खांबाला मुलंसुद्धा टेकत नाहीत. दुसऱ्या गावच्या माणसासमोर खांबाला हात लावून बोललेला शब्द बोलणाऱ्याचा राहत नाही, गावाचा होतो. ऐकणाऱ्यांनी होकार दिला की पक्का.

काल्तापाउ आणि तारीवेर समोरासमोर बसले. लेकोरोला अखेर दोघांच्या मधली, दाराजवळची चटई मिळाली. लेसिनूनं दोन्ही नावोतांची परवानगी विचारून फोन मध्ये ठेवला, बैठक जशी होईल तशी टिपून घ्यायला. तारीवेर म्हणाला, "ठेव की. माझा आवाज तरी परदेशी जाईल."

बैठक प्रार्थनेनं सुरू होते, आणि प्रार्थना गावातली वडीलधारी बाई करते. म्हणून लेतांगी उठली.

उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटात अन्न नाही, सकाळभर जाळापाशी बसलेली. तिनं आधाराला हात पुढं केला. हाताला जे लागलं ते धरलं, आणि डोळे मिटून सुरुवात केली.

"प्रभू, आमच्या पाहुण्याला सुखरूप उतरवलंस, तुझे उपकार. हे अन्न दिलंस, तुझे उपकार..."

पुढचं तिला ठाऊक होतं. चटयांसाठी आशीर्वाद, दोन्ही गावांसाठी शांती. पण डोळे मिटून देवाशी बोलायची तिची रोजची एक पायवाट होती, पहाटेची, चर्चच्या मागची. भोवळलेल्या डोक्यानं जीभ त्या पायवाटेला लागली आणि लेतांगीला कळलंच नाही.

"...तू पाहिलंस, प्रभू. माझी लेमासी तापानं गेली तेव्हा मी काही म्हटलं नाही. मग समुद्रानं तिला पुन्हा नेलं. तिला मी चटईत वेचली. घंटासुद्धा वाजवली नाही तिच्यासाठी. तू सगळं बघतोस. इथं आता आम्हाला राहता येत नाही. आमच्या मेलेल्यांनाही राहता येत नाही. आम्हाला वाट दाखव. आमेन."

"आमेन," तारीवेर म्हणाला.

"आमेन," लेकोरो म्हणाली, पुतणे म्हणाले, दाराबाहेर बसलेली बायकामुलं म्हणाली. काल्तापाउही म्हणाला. जन्मभराची सवय, प्रार्थना थांबली की ओठ आपोआप हलतात.

लेतांगीनं डोळे उघडले तर सगळे तिच्या हाताकडे बघत होते. मग तिनंही पाहिलं. हात खांबावर होता.

*



"लेतांगी," तारीवेर म्हणाला. त्याच्या आवाजातली धाप गेली होती. "पोरीचं थडगं गेलं?"

तिनं मान डोलावली.

"आम्ही तिच्यासाठी चटया घेऊन उतरलो होतो. मी माझ्या हातानं तिच्या पायाशी माती टाकली." त्याच्या गालावरून पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही. "दुसऱ्यांदा पुरली तेव्हा आमच्या चटया नकोशा झाल्या?"

"मी सांगणारच होतो," काल्तापाउ म्हणाला.

"कधी? मला पुरल्यावर? मी दर वेळी विचारलं, दाजी. तुम्ही म्हणालात, जरा भिजली. मीही घरी जाऊन हसत तेच सांगितलं."

"मेहुणे, रागावलात तर हक्क आहे तुमचा. पण आज जागेचं बोलू."

"बोलू या. उतारावर या. सगळे या, हवी तिथं घरं बांधा. चार दिवसांचे पाहुणे म्हणून नाही, आमचे म्हणून." तारीवेरनं नाक शिंकरलं. "आणि प्रवाळ आमच्याकडे येईल. तुमच्याच खांबानं सांगितलं, तुमच्याच तोंडांनी आमेन म्हटलं."

"बाईमाणूस प्रार्थना करत होतं! ती काय बोली होती?"

"मग प्रार्थनेत काय खोटं बोलतात? ऐका, दाजी. मी अधाशी नाही. गेल्या पावसात माझा निम्मा उतार खाली आला. तुम्हाला जागा दिली की माझ्या बागा आणखी आटल्या. माझ्या पोरांनी खायचं काय, तुमची दगडांची ओळ? तिथं खरी माणसं असती तर मी प्रवाळाचं नाव काढलं नसतं." तो थांबला. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "हात कसा पडला खांबावर, ते तिनं सांगावं. चुकून पडला असेल तर शब्दही सुटला. मी वर जाईन, जागा पाहुण्यांसारखी देईन, ऐकलं नाही असं धरीन. पण तिनं उभं राहून म्हणावं, की हात चुकून पडला आणि तो शब्द गावाचा नाही."

एवढं बोलून त्यानं कावाच्या मुळ्या पुढे ओढल्या आणि पुतण्याला त्या सोलायला सांगितलं. म्हणजे घरच्यांनी बाहेर जाऊन बोलून यावं.

*

नीरफणसाच्या झाडाखाली चौघं उभी राहिली. गंभीर गोष्ट असली की भाऊ-बहीण एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. मध्ये कोणीतरी लागतं. काल्तापाउनं समुद्राकडे तोंड केलं.

"तिला सांग," तो बायकोला म्हणाला, "की उपासानं चक्कर आली. सगळ्यांनी पाहिलं. यात खोटं काही नाही."

"वन्सं, ऐकलंत ना."

"त्याला सांगा, चक्कर आली हे खरं आहे."

"झालं तर! तिला सांग, आत जाऊन एवढंच म्हण."

"त्याला सांगा, तारीवेरनं एवढंच नाही मागितलं. तो शब्द आमचा नाही असं म्हणायला सांगितलंय."

"तिला सांग, म्हणायला काय जातं? देव काय फारेयात बसून ऐकतोय?"

"हे मी सांगणार नाही," लेकोरो म्हणाली. "हे तुमचं तुम्हीच सांगा, आणि मग पुढच्या रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून दाखवा."

काल्तापाउ बायकोकडे वळला. "तूही भावाकडून झालीस?"

"मी कुणाकडून नाही झाले. माझी पोरं भरतीला पलंगावर पाय घेऊन झोपतात. मी त्यांच्याकडून आहे." तिचा आवाज फाटला. "दोन वर्षं मी माझ्या भावाला खोटं सांगितलं, तुमच्यासाठी. आज तो माझ्यासमोर रडला. त्याच्या डोळ्याला डोळा देता नाही आला मला."

लेसिनू फोन दोन्ही हातांत धरून उभी होती. "आत्या," ती म्हणाली, "सगळं यात आलंय. तुझी प्रार्थना, सगळ्यांचं आमेन. असं मी शिकवून कोणाकडून बोलून घेऊ शकले नसते. पण तू म्हटल्याशिवाय मी पाठवणार नाही. आणि..." तिनं बापाकडे पाहिलं, मग नजर खाली केली. "आणि आत जाऊन तू शब्द मागे घेतलास, तर मला पाठवताच येणार नाही. गावात नाकारलेलं बोलणं मी शपथेवरचं म्हणून कसं देऊ? दुसरं कोणी बोलणारही नाही. मग आपलं गाव त्या कागदांत नसेल."

"नसू दे!" काल्तापाउ ओरडला. "कागदात नसू दे, इथं असू दे! मत येईल तेव्हा येईल. तोवर माझ्या आज्यानं राखलेला प्रवाळ दुसऱ्याच्या हातात गेलेला असेल. त्या न्यायाधीशांना सांगणार आहेस, तुमच्या मतासाठी आम्ही किंमत मोजली? देतील परत?"

"नाही देणार," लेसिनू म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "मला माहीत आहे, बाबा. नाही देणार."

तिनं खोटा धीर दिला असता तर लेतांगी कदाचित वेगळं वागली असती. पण पोर खरं बोलली.

लेतांगीनं डोळे मिटले. प्रार्थना करावी म्हणून मिटले, पण शब्द येईनात. जे सांगायचं ते सांगून झालं होतं. आता देव तिच्या तोंडाकडे बघत होता, ती त्याच्याकडे नाही. तिला दिसलं काय, तर ती दगडांची ओळ. गेल्या दोन वर्षांत तिनं त्या रिकाम्या दगडांवर फुलंही ठेवली होती, डोंगरावरच्या बायकांना दिसावीत म्हणून. आणि लेमासी चर्चच्या मागं, बिनफुलांची. फुलं दिसली तर कोणी विचारील, म्हणून.

"वहिनी, त्याला सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, त्यामुळे सगळ्यांना पुढं झुकावं लागलं. "माझा भाऊ आहे तो. मी त्याच्या घासातला घास खाल्ला. मी आत जाईन आणि खरं तेवढंच सांगीन. त्यानं मला माफ नाही केलं तरी चालेल."

काल्तापाउनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण त्याचे खांदे खाली आले. तिला लहानपणापासून ठाऊक होते ते खांदे.

*

फारेयात कावा तसाच पडला होता. कोणी प्यायलं नव्हतं. लेतांगी खांबापाशी गेली. या वेळी हात लावला नाही.

"तारीवेरभाऊ, मला चक्कर आली होती. हात चुकून पडला."

तारीवेरनं मान डोलावली. बाहेर कोणीतरी मोठा सुस्कारा टाकला.

"हात चुकून पडला," ती म्हणाली. "शब्द चुकून पडला नाही. तो मी रोज बोलते, पहाटे. माझ्या मुलीच्या पायाशी. देवाला सांगितलेलं मी माणसांपुढं नाकारणार नाही. इथं आम्हाला राहता येत नाही."

मग तिनं आपण होऊन खांबावर हात ठेवला.

या वेळी कोणी आमेन म्हटलं नाही. तारीवेरनंही नाही. तो जमिनीकडे बघत बसला. जिंकलेल्या माणसासारखा तो दिसतच नव्हता. कोणी मेल्यावर सांत्वनाला आलेला माणूस बसतो तसा बसला होता. शेवटी तो म्हणाला, "झालं तर मग, दाजी," आणि त्याचा आवाज इतका बारीक निघाला की त्याला खाकरून तेच पुन्हा म्हणावं लागलं.

लापलाप उघडलं, वाढलं. सगळे जेवले, कारण डुक्कर मारलं होतं आणि अन्न टाकायचं नसतं. उपासाची लेतांगी कोपऱ्यात बसून माश्या वारत राहिली.

ओहोटी लागल्यावर काल्तापाउ उठला. प्रवाळ दुसऱ्याच्या हातात जातो तेव्हा देणाऱ्यानंच तिथं काठीला नामेलेचं पान बांधून रोवायचं असतं. ते पान दिसलं की पुढं कोणी जाळं टाकत नाही. तारीवेर म्हणाला, "राहू द्या, उद्या पोरं करतील." काल्तापाउनं नकारार्थी मान हलवली. पान त्यानं स्वतः तोडलं, काठीला स्वतः बांधलं आणि पाण्यात चालत गेला. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. एकदा त्याचा पाय घसरला, किनाऱ्यावरची मुलं हसली आणि बायकांनी त्यांना गप्प केलं. काठी रोवून झाल्यावर तो लगेच परतला नाही. तिथंच उभा राहिला, बाजारात गर्दीत हरवलेला माणूस उभा राहतो तसा.

परत आला तेव्हा नाव लागली होती. लेसिनू चपला हातात घेऊन उभी होती. ती काही बोलायच्या आत तो ओल्या कपड्यांनिशी वाळूत बसला.

"तो फोन चालू कर," तो म्हणाला. "माझंही घे."

"बाबा?"

"आता काय राखायचंय मला? आत्यानं सांगितलं ते बाईचं रडणं म्हणून सोडून देतील तुझे ते वकील. नावोता बोलला म्हटलं की लिहून घ्यावं लागेल. घे."

लेतांगी थोड्या अंतरावर, नारळाच्या बुंध्याशी बसली. बहिणीनं बसावं तेवढ्या अंतरावर. नाववाला काठी टेकून थांबला. लेसिनूनं फोन पुढं धरला आणि शिकलेल्या, सरळ आवाजात विचारलं, नाव काय, वडलांचं नाव काय, गाव कोणतं. काल्तापाउनं सगळं नीट सांगितलं. कबरस्तान कसं कोसळलं ते सांगितलं. दगडांची ओळ कोणी रचली तेही, न अडखळता. पाणी त्याच्या केसांतून निथळत होतं.

"आणि आता, बाबा," लेसिनू म्हणाली, "तुमचं हे गाव राहण्याजोगं आहे का?"

फोनमध्ये वारा गेला, लाटांचा आवाज गेला, कुठंतरी लेकोरो मुलांना हाका मारत होती ते गेलं. काल्तापाउचे ओठ एकदा उघडले आणि मिटले. लेतांगीनं मान खाली घातली. हे वाक्य त्याच्या वतीनं तिला म्हणता येत नव्हतं.

"दुसरं काहीतरी विचार," तो म्हणाला.